जमीन नसलेली यादी

१

बाबांच्या शेवटच्या दिवसात आठवण ठेवण्यासारखं काही नव्हतं. सकाळी त्यांनी चहा गाळला, निम्मा ओट्यावर सांडला आणि दोष गाळणीला दिला. मी न्हाऊन बाहेर आले, तर माझ्या ओल्या केसांकडे बघून म्हणाले, “आज तलाव लवकर उघडला वाटतं?”

“बाबा, केस धुतलेत. पोहणं सोडून जमाना झाला.”

“तेच म्हणतोय मी,” असं म्हणून ते हसले. मीही हसले. बाबांच्या थट्टेला शेंडा-बुडखा नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे आता आम्ही दोघंच.

मी विमा कंपनीत आहे. जळालेली गोदामं, जळालेली दुकानं पाहायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, हे माझं काम. बाबांचं काम याहून नाजूक. शाळेच्या शेवटच्या वर्षातली हुशार मुलं त्यांच्या ऑफिसात येऊन विचारत, “सर, मोठ्या विद्यापीठात माझं होईल का?” आणि बाबा खरं उत्तर देत. गुणांच्या कागदावर सगळीच मुलं सारखी दिसतात. त्यांतल्या कुणासाठी दार उघडेल आणि कुणासाठी नाही, याचा अंदाज त्यांना यायचा. लोक म्हणत, निकालाआधी निकाल ऐकायचा असेल तर सरांकडे जा.

त्यांचा नियम एकच. प्रत्येकाच्या यादीत तीन प्रकारची विद्यापीठं हवीत. जिथे जवळपास कुणालाच घेत नाहीत, ती उडी. जिथे आपल्यासारख्यांना घेतात, ते पाऊल. आणि जिथे नक्की घेतील, ती जमीन. “यादीत जमीन नसेल तर मी कुणाला उडी मारू देत नाही,” असं ते आईबापांना बजावत. खात्री मात्र कधीच देत नसत. म्हणत, “खात्री फक्त गजराच्या घड्याळाची द्यावी. तीही सेल नवे असतील तर.”

त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, बूट काढायला खुर्चीवर बसले आणि खाली वाकले. ते परत वर आले नाहीत.

२

महिना व्हायच्या आत एका सोमवारी मी त्यांची खोली आवरायला ऑफिसात गेले. चष्मे, कात्र्या, मुलांनी कधीमधी पाठवलेली भेटकार्डं. एवढ्यात बाहेरून मोठा आवाज आला आणि दार उघडून एक बाई आत आल्या. अंगावर बसचालकाचा गणवेश, बाहीवर बिल्ला. त्यांच्या मागे त्यांची मुलगी. बारीक, ताठ, दोन वेण्या, माझ्याच जुन्या शाळेचा राखाडी गणवेश. बाबा तिला टाचणी म्हणत. त्यांच्या मते त्या वर्षातली सगळ्यात तल्लख मुलगी तीच. शेवटच्या दिवशी त्यांच्याकडे शेवटची आलेलीही तीच.

“सर गेले, फार वाईट झालं,” बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. “देवमाणूस. पण माझ्या पोरीचं वर्ष कोण खायला निघालंय ते मला कळलं पाहिजे.”

“बसा ना.”

“बसून बसूनच कंबर गेलीय माझी. तुम्ही हे बघा.”

त्यांनी फोन पुढे केला. सगळ्या विद्यापीठांचा अर्ज एकाच ठिकाणी भरायचा असतो आणि त्यात आपली यादी जोडायची असते. बाबांनी टाचणीच्या यादीत अकरा नावं घातली होती. आता तिथे एकच होतं. सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात अवघड. निव्वळ उडी. बाकीची दहा कुणीतरी काढून टाकली होती.

“कधी काढली?”

“सर गेले त्याच दुपारी. इथल्याच कॉम्प्युटरवरून, ऑफिसच्या पासवर्डने. मी त्या अर्जवाल्यांना फोन करून करून विचारलंय. आणि शुक्रवारी संध्याकाळी यादी बंद होतेय. एकाच ठिकाणी अर्ज, आणि तिथे नाही घेतलं तर? वर्षभर माझ्या बसमध्ये तिकिटं फाडणार आहे का ही?”

“मग आत्ताच नावं परत घालू,” मी म्हणाले. “चार दिवस आहेत.”

बाईंनी मुलीकडे पाहिलं. “घाल म्हणतायत त्या. घालतेस?”

टाचणी फरशीकडे बघत होती. अर्ज तिचा, सही तिची. ऑफिसातून नावं घालता आली, तरी तिच्या सहीशिवाय यादी पुढे जात नव्हती.

“तू काढलीस का ती?” मी विचारलं.

“नाही.”

“कुणी काढली माहीत आहे?”

ती गप्प.

“बघितलंत?” तिची आई म्हणाली. “घरी हेच चाललंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हिला कुणीतरी काहीतरी भरवलंय. सरांचे ते भागीदार हिला दोनदा फोन करतात, आणि त्या दोन्ही वेळा ही बाहेर जाऊन बोलते. काय समजायचं आईने?”

टाचणीने पहिल्यांदा मान वर केली.

“यादी आहे तशीच राहणार,” ती शांतपणे म्हणाली. “मला काही बदलायचं नाही.”

३

बाबांचे भागीदार हे बाबांचेच जुने विद्यार्थी. मी त्यांना दादा म्हणते. गेल्या वर्षी त्यांनी आपलं टेबल उचलून बाबांच्या खोलीत आणलं होतं, बाबांच्या टेबलाला अगदी काटकोनात. जागा कमी पडते म्हणून, असं मला सांगितलं होतं. पलीकडची खोली तेव्हापासून रिकामीच होती.

“त्या दुपारी मी इथे नव्हतो,” दादा म्हणाले. “एका शाळेत भाषणाला गेलो होतो. दोनशे मुलं साक्षीदार आहेत. त्यातली निम्मी झोपली होती, पण निम्मी जागी होती.”

“तुम्ही टाचणीला दोनदा फोन केलात.”

“केला.”

“कशासाठी?”

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “सर गेल्यावर सगळ्या याद्या परत बघत होतो. तिची यादी बघितली आणि म्हटलं, बाई, जमीन घाल. ती म्हणाली, नाही.”

“मग तिच्या आईला का नाही सांगितलंत? मला का नाही?”

“सांगणारच होतो.”

आग लावणारा माणूस हेच म्हणतो. सांगणारच होतो. मी त्यांना आठवण करून दिली की टाचणीच्याच वर्गातला एक व्यापाऱ्याचा मुलगा त्यांच्याकडे येतो, की ही चांगली विद्यापीठं एका शाळेतून सहसा एकालाच घेतात, आणि टाचणी त्या दहा जागांवरून हटली तर त्या मुलाचा रस्ता मोकळा होतो.

दादा रागावले नाहीत. नुसते थकल्यासारखे दिसले.

“तो मुलगा? त्याला मी काल सांगितलं, तुझी उडी म्हणजे इतरांची जमीन. तो आणि त्याचा बाप, दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.” मग ते जरा पुढे झुकले. “हे बघ, या ऑफिसात विकायला एकच गोष्ट आहे. सरांचा शब्द. सर कुणाशी गोड बोलले नाहीत. अगं, स्वतःच्या मुलीलासुद्धा नाही म्हणाले ते.”

ते खरं होतं. माझ्या वेळी बाबांनी टाचणीच्या यादीत उरलेलं हेच विद्यापीठ माझ्या यादीतून खोडलं होतं. “तुझं तिथे होणार नाही,” म्हणाले होते. आई तेव्हा अंथरुणावर होती. मी इथल्याच कॉलेजात गेले, घरून डबा नेऊन.

“त्या शब्दावर आज चाळीस मुलं बसलेली आहेत,” दादा म्हणाले. “तुझं काम आगीचं. इथे काही जळलेलं नाही. उगाच पाणी मारू नकोस.”

मी त्यांच्या दोन टेबलांकडे बघत राहिले. रिकामी खोली सोडून कुणी काटकोनात येऊन बसत नाही. या माणसाला बाबांच्या टेबलावर नजर ठेवायची होती.

४

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या खुर्चीत बसून होते. दार वाजलं आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंनी डोकं आत घातलं.

“उंच मुलाच्या आई आल्यात,” त्या भराभर म्हणाल्या. “मुलाला इमारतींची चित्रं काढायची आहेत, हात चांगला, गणित बेताचं. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, पावलं तीन ठेवा. वडील वारलेत, त्यांच्याबद्दल विचारायचं नाही.” आणि मग खुर्चीत कोण बसलंय ते पाहून त्या थांबल्या. ओठांवर हात गेला.

“सवय लागली,” त्या म्हणाल्या. “जात नाही.”

उंच मुलाच्या आईला दादांनी बाहेरच गाठलं. मी ताईंना आत बोलावून बसवलं.

“असं सांगायची पद्धत कधीपासून?”

“कसली पद्धत?”

“दारातून अख्खं बाड वाचायची. मी लहानपणापासून इथे येतेय. तुम्ही फक्त म्हणायचात, अमका आलाय. आणि बाबा म्हणायचे, माहितेय, पावलांवरून ओळखलं.”

“झालं असेल वर्षभर.” त्या पदराच्या टोकाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. “मुलं वाढली. सरांचा वेळ वाचतो.”

“टाचणी आली तेव्हा काय सांगितलंत?”

पदराची घडी अर्धवटच राहिली. ही बाई गेली कित्येक वर्षं या दाराशी बसलेली. माझ्या आईच्या आजारपणात आमच्या घरी डबे पोचवणारी. पासवर्ड हिला पाठ. दहा नावं काढायला हिला कितीसा वेळ लागला असता? पण कारण? कारण सापडत नव्हतं, आणि कारणाशिवाय कुणी काडी ओढत नाही.

“ताई, मी पोलीस नाही. शुक्रवारी त्या मुलीची यादी बंद होतेय. मला फक्त ती उघडून हवी आहे.”

“मी नव्हतेच,” त्या म्हणाल्या. “दाढ ठणकत होती आठ दिवस. दादा भाषणाला गेलेले, आणि मी म्हटलं, टाचणी काय, शहाणी मुलगी, रोजची येणारी, पटकन दातवाल्याकडे जाऊन येते. परत आले तर ती निघून गेली होती आणि सर खिडकीशी उभे होते. इतके खुशीत. मला म्हणाले, ताई, एक मोठं काम झालं आज.”

“कुठलं काम?”

“विचारलं नाही हो मी. माझ्या तोंडात कापूस होता.”

त्या रडायला लागल्या. कापसाचं आठवून रडता रडता हसल्या, आणि परत रडल्या.

म्हणजे त्या दुपारी या खोलीत फक्त दोघं होती. त्यातली एक बोलत नव्हती आणि एकाला आता विचारता येत नव्हतं.

५

टाचणी शाळा सुटल्यावर आईच्या बसमध्ये बसते. शेवटचं बाक तिचं. आईची पाळी संपेपर्यंत बस शहरभर फिरते आणि ही गुडघ्यावर वही ठेवून गणितं सोडवते. बुधवारी मी त्या बसमध्ये चढले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

“आईने पाठवलं?” तिने विचारलं.

“नाही. तुझी आई आरशातून माझ्याकडे बघतेय ती मी बिनतिकीट चढले म्हणून.”

ती किंचित हसली. मी तिला सरळ विचारलं. “ती दहा नावं बाबांनीच काढली ना? तुझ्यासमोर?”

तिने गुडघ्यावरची वही मिटली. मग ती म्हणाली, “मी बोलणार नव्हते. सर म्हणाले होते, आईला इतक्यात सांगू नकोस. आणि मग ते गेलेच. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडायचा?”

“मी त्यांची मुलगी आहे. मला सांगितलंस तर मोडत नाही.”

तिने थोडा विचार केला आणि तिला ते पटलं. गणितवाली मुलगी, पायरी बरोबर असेल तर पुढे जायची.

“मी आत गेले,” ती सांगू लागली, “तेव्हा सर उठून उभे राहिले. तसे कधी राहायचे नाहीत. म्हणाले, ये, बस. मी चुकलो होतो, म्हणाले. मग यादी उघडून एकेक नाव काढायला लागले. मी म्हटलं, सर, जमीन? तर म्हणाले, जमीन मीच तुझ्या पायांना बांधली होती. ती आता सोडतोय. तुझं तिथे होणार. मी कुणाला असं सांगत नाही, तुला सांगतो.”

बाबांनी कुणालाही, कधीही असं सांगितलं नव्हतं.

“म्हणाले, तिथे तिनात एकाला घेतात, आणि तू त्या तिघांत पहिली आहेस.”

“तिनात एक? तिथे आता तिसांतूनही एकाला घेत नाहीत.”

“मलाही तसंच वाटलेलं. पण सरांना जास्त माहीत असणार.” ती जरा अडखळली. “अजून बरंच बोलले. निबंध पोहण्यावर लिही, म्हणाले. लांब पल्ल्याचं पोहणं, आणि मध्ये कुठे थांबता येत नाही, त्यावर. मला पाण्याची भीती वाटते. मी म्हटलं, सर उदाहरण देत असतील. मुलाखतीला गरम कपडे घाल, म्हणाले, त्यांच्या जिन्यात वारा असतो. मुलाखत तर आता घरबसल्या स्क्रीनवर असते.”

“आणि आईला का नाही सांगायचं?”

टाचणी पुढे बघून हसली. तिची आई त्या लांबलचक गाडीला वळणावरून असं वळवत होती, जसं कुणी शेंबड्या पोराला कान धरून वळवतं.

“म्हणाले, तिला आत्ता सांगू नकोस. तिला तुझ्याबरोबर यावंसं वाटेल, आणि तिला प्रवास झेपायचा नाही.”

मी घंटीची दोरी ओढली. बस थांबली. मी उतरले. तो माझा थांबा नव्हता, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नाही.

६

गुरुवारी सकाळी मी दादांना आणि ताईंना बाबांच्या खोलीत बसवलं.

“मी सांगते, आणि चुकलं तर तुम्ही सांगा,” मी म्हणाले. “ताई वर्षभर दारातून प्रत्येकाची ओळख करून द्यायच्या, कारण बाबांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. दादा, तुम्ही टेबल आत आणलंत, कारण ते काय सांगतायत त्यावर कुणीतरी कान ठेवायला हवा होता. त्यांचा स्वभाव, त्यांची पद्धत जागच्या जागी होती. फक्त समोर कोण आहे आणि साल कुठलं आहे, ते निसटायचं.”

ताईंनी दादांकडे पाहिलं.

“ज्या दुपारी दोघंही नव्हतात, नेमकी तेव्हा, दारातून कुणी ओळख करून न देता, टाचणी आत गेली. माझ्या शाळेचा गणवेश. दोन वेण्या, मी घालायचे तशा. तिनात एकाला घेत होते ते माझ्या वर्षी. जिन्यात वारा असलेली मुलाखत माझ्या वर्षी. पोहायचे मी. प्रवास झेपणार नाही अशी आई माझी होती.” मी बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. “त्यांनी टाचणीची यादी बिघडवलेली नाही. त्यांनी माझी यादी दुरुस्त केली.”

दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी रोज संध्याकाळी ते घरी गेल्यावर सगळ्या याद्या तपासायचो,” ते म्हणाले. “त्यांनी चुकून काही बदललं असेल तर नीट करून ठेवायचो. वर्षात फक्त तीनचारदाच करावं लागलं. त्या संध्याकाळी मी तपासायला बसलो आणि तुझा फोन आला.”

त्या रात्री याद्या राहिल्याच. नंतर त्यांनी पाहिलं, तोवर टाचणी अडून बसली होती.

“मला का नाही सांगितलंत?” मी ताईंना विचारलं. “मी एका घरात राहत होते त्यांच्याबरोबर. लोकांच्या राखेतून कारणं शोधत होते, आणि घरात...”

“त्यांनीच शपथ घातली होती,” ताई म्हणाल्या. “स्वतःला सगळं कळत होतं हो त्यांना. चांगल्या दिवशी बोलायचे. म्हणाले, तिला कळलं तर नोकरी सोडून माझ्याजवळ येऊन बसेल. एकदा तिला अडवून ठेवलंय मी. खोटं बोलून. पुन्हा नको.”

“खोटं बोलून?”

“एवढंच म्हणाले.”

सगळ्या शहराला खरं सांगणाऱ्या माणसाचा एकच अंदाज खोटा होता, आणि तो चुकला नव्हता. मुद्दाम खोटा सांगितला होता. ‘तुझं तिथे होणार नाही.’ खरा अंदाज त्यांनी आत कुठेतरी जपून ठेवला होता आणि शेवटच्या दुपारी तो दुसऱ्याच मुलीच्या हाती दिला.

“आता टाचणीला हे सांगायला हवं,” मी म्हणाले.

“सगळं?” दादांनी विचारलं. “तिच्या आईच्या बसमधून रोज अर्धं शहर फिरतं. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भान नव्हतं आणि हे आमच्या मुलांची आयुष्यं ठरवत होते. सरांच्या आयुष्यभराच्या कामावर बोळा फिरेल. काहीतरी दुसरं सांगू तिला. तू हुशार आहेस.”

“दुसरं सांगून ती ऐकेल? तुम्ही दोनदा सांगून पाहिलंत.”

“तो माणूस तुझा बाप होता.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “ही मुलगी त्यांच्या शब्दावर वर्ष पणाला लावतेय. त्यांना हे चाललं असतं का, तुम्हीच सांगा.”

दादांनी मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

७

शुक्रवारी दुपारी टाचणी आली. तिची आई बाहेर ताईंजवळ बसली, आणि या वेळी खरंच बसली. मी मुलीला सगळं सांगितलं. बाबांना विसर पडत होता हेही सांगितलं. ती पायरी पायरी तपासल्यासारखी ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे सरांचा अंदाज चुकला.”

“अंदाज चुकला नाही. तो तुझा नव्हता, एवढंच.”

“मग माझा काय? खरा?”

मी बाबांच्या खुर्चीत बसले होते, पण ते टेबलापलीकडून कसं बोलत ते मी लहानपणापासून ऐकलेलं. “तुझे गुण पूर्ण आहेत,” मी म्हणाले, “पण तिथे अर्ज करणाऱ्या बहुतेकांचे असतात. गुणांनी दारापर्यंत पोचता येतं. तुझं गणिताचं काम तुझ्या वयाच्या मानाने फार पुढचं आहे, आणि तुझ्या शिक्षकांना ते शिफारसपत्रात लिहिता येतं, ही जमेची बाजू. तुझ्या निबंधात तू अजून कुठेच नाहीस, ही उणी. दारात तीस जण उभे असतील तर तू पहिल्या पाचांत. त्या पाचांतून एक कसा निवडतात ते निवडणाऱ्यांनाही धड सांगता येणार नाही. म्हणून उडी ठेव. तीन पावलं ठेव. आणि खाली काहीतरी ठेव, म्हणजे पडलीस तर उठून चालू लागशील.”

“सर असंच म्हणाले असते?”

“ते निबंधाबद्दल जास्त कडक बोलले असते.”

तिने नाक ओढलं. कीबोर्ड स्वतःकडे घेतला आणि एकेक नाव परत घालू लागली. तिची बोटं फार वेगाने चालत होती. तीनचार नावं झाल्यावर ती थांबली.

“एक विचारू? सर तुमच्याशी खोटं का बोलले?”

“आई जाणार होती, आणि ते त्यांना माहीत होतं. मीही गेले असते तर त्या घरात ते एकटे उरले असते. घाबरले असतील.”

“आणि तुम्हाला कळलंच नाही?”

मी उत्तर देणार नव्हते. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. एका घरात, एका टेबलावर, समोरासमोर बसून जेवताना बाबांनाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, न बोलण्यात त्यांचं रक्षण आहे. ते मात्र मनात एक मुलगी धरून बसले होते, जिला त्यांनी फसवलं.

“कळलं होतं,” मी म्हणाले.

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. पण मी आता तिच्याशी बोलत नव्हते.

“त्या वर्षी मुलांच्या याद्या मीच टाईप करून द्यायचे, बाबा. माझ्यापेक्षा कमी गुण असलेल्या दोघांना तुम्ही तिथे अर्ज करायला सांगितलं होतंत. मला त्याच दिवशी कळलं. मी विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत, आणि मला पाठवलं असतंत. म्हणून नाही विचारलं. मला जायचं नव्हतं. मला आईजवळ राहायचं होतं, आणि ती गेल्यावर तुमच्याजवळ. तुम्ही मला अडवलं नाहीत, बाबा. मी राहिले.”